आधी वही, मग मशीन

२०२३ सालची गोष्ट. दिवाळीच्या आधी कराडहून माझा पुतण्या आला. त्याचं सुतारकामाचं छोटं दुकान आहे. देव्हारे, दारांच्या जाळ्या, नावाच्या पाट्या ही त्याची मुख्य कामं. आल्या आल्या त्यानं एक कोटेशन माझ्यापुढे ठेवलं. लाकडावर नक्षी कोरणारं तयार सीएनसी राउटर मशीन, किंमत साडेचार लाख. "काका, हिचे दागिने ठेवतो, पण मशीन घेतोच. जाळ्या दुसऱ्याकडून कापून आणायच्या म्हणजे नफा त्याच्याच घरी जातो."

माझी सगळी नोकरी पिंपरी-चिंचवडमध्ये टूलरूममध्ये गेली. त्यामुळे असं मशीन घरी बनवता येतं, हे मला ठाऊक होतं. आणि ते कसं फसतं, हेही ठाऊक होतं. २०१७ साली हौसेपोटी मी एक केलं होतं. ४६ हजार रुपये गेले. गोल कापायला सांगितलं की अंडं कापून द्यायचं. म्हणून पुतण्याला म्हटलं, "दागिन्यांचं राहू दे. आधी वही काढ."

श्रोतेहो, सीएनसी म्हणजे आकड्यांच्या हुकमावर चालणारं यंत्र. १९५२ साली अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत अशा मिलिंग मशीनचं प्रात्यक्षिक झालं. तेव्हा त्याला खोलीभर यंत्रणा लागायची. आज तेच काम तळहाताएवढं सर्किट करतं. त्यावर चालणारा 'ग्रबल' हा प्रोग्रॅम फुकट मिळतो. चित्र काढायला 'इंकस्केप' आणि 'फ्रीकॅड' हेही फुकट. त्यामुळे लोकांना वाटतं, आता राहिलं काय? तर राहतं ते लोखंड, आणि खर्च तिथंच असतो.

आम्ही पहिल्यांदा उघडली ती त्याच्या ऑर्डरची वही. मशीन काय कापणार, हे ठरल्याशिवाय मशीन केवढं, हे ठरत नाही. त्याच्या डोक्यात आठ बाय चार फुटांचा अख्खा प्लायवूड बसेल असं मशीन होतं. पण वर्षभरातली दहातली आठ कामं दोन बाय तीन फुटांत बसत होती. मग उरलेल्या दोन कामांसाठी एवढं धूड कशाला?

लांबी वाढली की फक्त लोखंड वाढतं, असं नाही. दोन टोकांवर टेकलेली तुळई मधोमध दाबली तर ती किती वाकेल, हे लांबीच्या घनाप्रमाणे वाढतं. लांबी दुप्पट, तर वाक आठपट. कापणारं डोकं या मशीनमध्ये अशाच एका आडव्या तुळईवर सरकतं. तिला गँट्री म्हणतात. ती वाकली की सागाच्या फळीवर लाटा उमटतात. माझ्या पहिल्या मशीनचं दुखणं तेच होतं. दोन टोकांना पकडलेल्या बारीक गोल दांड्या, आणि साधा आटे पाडलेला रॉड. त्यात इतका 'प्ले' होता की दिशा बदलताना मोटर फिरायची आणि डोकं जागीच राहायचं.

या वेळी चौकोनी रेल आणि बॉल स्क्रू घ्यायचं ठरवलं. स्टेपर मोटरच्या एका फेऱ्यात २०० पावलं असतात. ड्रायव्हर प्रत्येक पावलाचे आठ भाग करतो, म्हणजे १६००. स्क्रू एका फेऱ्यात ५ मिलिमीटर पुढे जातो. म्हणजे एका मिलिमीटरला ३२० पावलं. लाकडासाठी हे पुरून उरतं. पण सांगाडा डगमगत असेल तर ही बारकाई कागदावरच राहते.

मग खर्च लिहायला बसलो. सांगाडा २८ हजार. रेल आणि बॉल स्क्रू ३८ हजार. चार मोटरी, त्यांचे ड्रायव्हर आणि वीजपुरवठा २२ हजार. दीड किलोवॉटचा स्पिंडल आणि त्याचा वेग बदलणारा व्हीएफडी २७ हजार. कंट्रोलर, लिमिट स्विच, केबल, संकटकाळी दाबायचं लाल बटण ११ हजार. बेरीज एक लाख २६ हजार. पुतण्या खूश झाला. मी म्हटलं, "थांब, अजून पान उलटायचंय."

दुसऱ्या पानावर लोक विसरतात ते खर्च होते. कापायचे बिट आणि ते पकडणारे कोलेट ९ हजार. लेथवाल्याची आणि वेल्डिंगवाल्याची मजुरी ८ हजार. खाली अंथरायचा एमडीएफ आणि जॉब पकडायचे क्लॅम्प ३ हजार. वाहतूक २ हजार. आणि भुसा ओढून घेणारी यंत्रणा १४ हजार.

"भुशाला १४ हजार? आजोबा तर आयुष्यभर भुशातच बसले," तो म्हणाला. खरं आहे, माझे वडीलही सुतारच होते. पण रंध्याची ढलपी जमिनीवर पडते. मिनिटाला अठरा-वीस हजार फेरे घेणाऱ्या बिटाचा भुसा पिठासारखा हवेत तरंगतो आणि थेट छातीत जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं १९९५ मध्येच लाकडाच्या भुशाला कर्करोगकारक ठरवलं आहे. ही रक्कम खोडायची नाही, असं मी त्याला बजावलं. लाल बटणाचीही नाही. बोथट बिट एकाच जागी घासत राहिला तर लाकूड पेट घेऊ शकतं. मशीन चालू ठेवून चहाला जायचं नाही, हा नियम मात्र फुकट आहे.

दोन्ही पानं मिळून एक लाख ६२ हजार झाले. त्यावर पंधरा टक्के चुकांसाठी धरले. कारण चुका होतातच, फक्त कुठल्या होतील ते आधी कळत नाही. एकूण एक लाख ८६ हजार ३०० रुपये.

आता खरा प्रश्न. हे पैसे परत कधी येणार? महिन्याला सरासरी बारा जाळ्या तो बाहेरून कापून आणत होता, प्रत्येकी ६०० रुपये देऊन. म्हणजे ७,२०० रुपये. त्यातून बिट, वीज आणि देखभाल यांचे १,७०० गेले की उरतात ५,५००. भागाकार केला तर जवळजवळ ३४ महिने, तेही त्याची स्वतःची मेहनत न धरता. हाच हिशोब साडेचार लाखांच्या मशीनला लावला तर जवळपास सात वर्षं, आणि वर दागिन्यांवरचं व्याज. मोठ्या मशीनला जास्त काम मिळेल, असं तो म्हणत होता. मिळेलही. पण ते काम वहीत नव्हतं, मनात होतं.

तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "काका, टप्प्याटप्प्यानं करू."

तसंच केलं. आधी सांगाडा, रेल आणि स्क्रू. यात काटकसर केली नाही, कारण ते नंतर बदलणं म्हणजे नवं मशीन करणं. मग मोटरी आणि कंट्रोलर. स्पिंडल सगळ्यात शेवटी. तोवर त्याच्या दुकानातला हाताचा राउटरच वर बसवला. आवाज फार करायचा, पण पाच महिने त्यानं काम दिलं. भुशाचा पाइप मात्र पहिल्या दिवसापासून लावला. चुकांसाठी धरलेल्यातले १९ हजार खर्च झाले. गँट्रीची एक बाजू काटकोनात नव्हती, ती पुन्हा करून घ्यावी लागली. आठ महिन्यांत मशीन पुरं झालं. दागिने घरातच राहिले.

अजून पैसे पुरते फिटलेले नाहीत, हेही सांगितलं पाहिजे. शिवाय मशीन सगळं करत नाही. बिट गोल असतो, त्यामुळे जाळीचा आतला कोपरा गोलच राहतो. तो काटकोनात हवा असेल तर पटाशीनं काढावा लागतो. हे कामसुद्धा दर ठरवताना धरावं लागतं. पुतण्या त्यासाठी माझ्या वडिलांची पटाशी वापरतो.

तुमच्यापैकी कुणाच्या मनात असं मशीन असेल, तर माझं सांगणं एवढंच. सुट्या भागांची किंमत विचारत फिरण्याआधी एक वही घ्या. गेल्या वर्षी काय कापलं, ते पहिल्या पानावर लिहा. मशीन केवढं हवं, याचं उत्तर त्या पानावरच मिळेल.