अभ्यासक्रम विहिरीत दिसतो

राज्यसेवेची तयारी करणाऱ्या पोरांना मी पहिल्या दिवशी पुस्तक उघडू देत नाही. भूगोल शिकवण्यात माझी सगळी नोकरी सरली; आता संध्याकाळी नांदगाव खंडेश्वरच्या अभ्यासिकेत मुलामुलींसोबत बसतो. त्यांच्या वह्यांत ज्वालामुखी म्हणजे जपानचा फुजी, शंकूसारखा, वर धूर. मी विचारतो, तुमच्या वावरातली विहीर खोदली तेव्हा काय काय लागलं? मग सगळे बोलायला लागतात. आधी काळी माती, खाली मुरूम, मग मांजऱ्या, त्याखाली काळा पाषाण, तिथं सुरुंग लावावा लागला. एखादी म्हणते, "सर, आमच्या इथं तं मधातच लाल मातीचा थर लागला होता."

तोच ज्वालामुखी. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि पातळ लाव्हा पसरत गेला. शंकू झालाच नाही. एक थर निवला की त्यावर दुसरा. थराच्या माथ्यावर वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या, पुढं त्यांत पांढरी खनिजं भरली. विहीर खोदणारे ज्याला मांजऱ्या म्हणतात तो हा खडक. पोटातला लाव्हा सावकाश निवला, म्हणून घट्ट पाषाण. दोन उद्रेकांत मोठी उसंत मिळाली तर उघड्या खडकाची झिजून माती होई, तिच्यावर पुढचा लाव्हा येई आणि ती भाजून निघे. तो लाल थर. खंडेश्वराचं हेमाडपंती देऊळ याच काळ्या दगडाचं आहे, हे सांगितलं की मुलं जरा हसतात. रोज त्याच्या पुढून जातात ना!

यातूनच पाण्याचं गणित सुटतं. घट्ट पाषाणात पाणी साठत नाही. ते राहतं मुरमात, मांजऱ्यात आणि खडकाच्या सांध्यांत. म्हणून एका धुऱ्याच्या अलीकडची विहीर उन्हाळ्यात तग धरते आणि पलीकडची बोअर कोरडी जाते. गावात याला नशीब म्हणतात. परीक्षेत 'बेसाल्ट प्रदेशातील भूजलाच्या असमान वितरणाची कारणे सांगा' असं विचारलं, तर नशीब लिहून चालत नाही.

दख्खनचं हे पठार आज सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर उरलं आहे. महाबळेश्वराकडं थरांची जाडी हजार मीटरच्या वर जाते, पूर्वेकडं ती कमी होत नागपूरजवळ लाव्हा संपतो. जाडीचा आकडा पाठ करण्यापेक्षा उतार लक्षात ठेवा, असं मी सांगतो. आकडा विसरतो, उतार विसरत नाही.

आमचा अमरावती जिल्हा तर उताराचाच धडा आहे. डोळ्यांना सहसा न जाणवणारी जलविभाजक रेषा त्याच्यामधून जाते. आमच्याकडच्या बेंबळेचं पाणी वर्धेला मिळतं आणि प्राणहिता, गोदावरी करत बंगालच्या उपसागरात जातं. दर्यापूरकडचं पाणी पूर्णेत, पूर्णा चांगदेवला तापीत, तापी अरबी समुद्रात. गंमत अशी की जुलै-ऑगस्टमधला आपला बराच पाऊस बंगालच्या उपसागरातून सरकत येणाऱ्या कमी दाबाच्या पट्ट्यांचा असतो. एका समुद्राकडून आलेलं पाणी दर्यापूरकर दुसऱ्या समुद्राला पाठवतात!

पूर्णा पश्चिमेला का वाहते, याचं उत्तर मेळघाटाच्या पायथ्याशी आहे. गाविलगडचा भ्रंश तिथून जातो. सातपुड्याच्या दक्षिणेकडची जमीन खचली, खोलगट भाग झाला, नदीनं त्यात शेकडो फूट गाळ भरला. त्या गाळातलं पाणी खारट, तोच खारपाणपट्टा. अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांत पसरलेला. दर्यापूरची एक मुलगी आमच्याकडं येते. तिला 'क्षारयुक्त मृदा' शिकवावी लागत नाही, तिच्या घरच्या विहिरीचं पाणी प्यायला घेताच येत नाही. तिला शिकवावं लागतं ते एवढंच, की आधी भ्रंश, मग गाळ, मग क्षार, या क्रमानं लिही.

हा क्रम आता फार महत्त्वाचा झाला. बरीच वर्षं राज्यसेवेची मुख्य परीक्षा पर्यायी प्रश्नांची होती. चार पर्यायांतून खूण केली की झालं. २०२५ पासून ती वर्णनात्मक झाली, यूपीएससीच्या धर्तीवर. तिथं सामान्य अध्ययनाच्या पहिल्या पेपरात भूकंप, त्सुनामी, ज्वालामुखी, चक्रीवादळं नावानिशी दिलेली आहेत. भूगोल ऐच्छिक घेतला तर आणखी ५०० गुण. खुणांची सवय लागलेल्या मुलांचा हात लिहिताना अडतो. त्यांना माहिती असते, 'म्हणून' हा शब्द मात्र सापडत नाही. बाजारातल्या तयार नोट्सवर माझा राग आहे तो याचसाठी. त्यांत सगळं असतं, फक्त दोन ओळींमधला दुवा नसतो. त्यापेक्षा एनसीईआरटीचं अकरावीचं पुस्तक आणि महाराष्ट्राच्या भूगोलासाठी सवदींचं पुस्तक, एवढ्यावर बराच पल्ला गाठता येतो. सोबत भारतीय सर्वेक्षण विभागाचा ५५ एच क्रमांकाचा नकाशा असावा. समोच्च रेषा स्वतःच्या गावावर वाचायला शिकलं की बाकीचं जग सोपं जातं.

अर्थात सगळंच वावरात सापडत नाही. जेट प्रवाह, सागरी प्रवाह, चुनखडीच्या गुहा यांना पुस्तक आणि आकृती हाच रस्ता. एका मुलानं मला अडवलंच होतं, "सर, विहीर ठीक हाय, पण हिमनदी कुठून आणता?" त्याला वाटलं सर फसले. मी त्याला चंद्रपूरजवळच्या इरईचं सांगितलं. सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी भारत गोंडवनाचा भाग म्हणून दक्षिण ध्रुवाजवळ होता, तेव्हाच्या हिमनदीनं घासत नेलेल्या दगडांचे ओरखडे तिथल्या चुनखडकावर उमटले, आणि ते एकोणिसाव्या शतकातच भूशास्त्रज्ञांनी नोंदवले. मे महिन्यात पंचेचाळीसच्या वर तापणाऱ्या चंद्रपुरात बर्फ! पूर्व परीक्षा झाली की तिकडं जायचं ठरलं आहे; एसटीच्या भाड्याची वर्गणी तोच मुलगा गोळा करतोय.