पाठभेद जपणारी वही

शके १५०६ मध्ये, म्हणजे इ.स. १५८४ साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि शेवटी बजावून ठेवले, की यापुढे कोणी यात आपली ओवी घालू नये. ही ताकीद का द्यावी लागली, हे उघड आहे. नकलकार चुकत होते, काही हौसेने भर घालत होते, आणि मूळ कोणते, भर कोणाची, हे पोथीवरून कळायला मार्ग नव्हता. पुढच्या पाठचिकित्सकांची आयुष्ये ते शोधण्यात गेली.

विकीकडे मी याच बाजूने पाहतो. ‘कोणीही येऊन लिहावे अशी जागा’ ही तिची प्रचलित ओळख अपुरी आहे. कोणीही लिहावे अशा जागा पूर्वीही होत्या. देवळाची भिंतही तशीच. विकीत एखाद्याने ओळ बदलली की आधीची ओळ पुसली जात नाही. ती तारीख, वेळ आणि बदलणाऱ्याच्या नावासह मागे राहते, आणि दोन पाठ शेजारी ठेवून फरक पाहता येतो. भर घालणाऱ्याला अडवण्याऐवजी भर कोणाची हे नोंदवून ठेवायचे, अशी ही रीत.

तिचा जनक अमेरिकन प्रोग्रामर वॉर्ड कनिंगहॅम. सहव्यावसायिकांना आपले अनुभव एकत्र लिहिता यावेत म्हणून त्याने २५ मार्च १९९५ रोजी पहिली विकी सुरू केली. होनोलुलूच्या विमानतळावर ‘विकी विकी’ नावाची बस धावत असे. हवाई भाषेत त्याचा अर्थ झटपट. नाव तिथून आले. १५ जानेवारी २००१ ला विकिपीडिया सुरू झाला आणि मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून आहे. पण विकी म्हणजे विकिपीडिया नव्हे. छापखाना आणि त्यात छापलेला एक ग्रंथ, एवढा फरक त्या दोहोंत आहे.

छापखाना निवडण्याला किती महत्त्व असते, हे खुद्द विकिपीडियालाच भोगावे लागले. तो आरंभी यूजमॉडविकी या साध्या सॉफ्टवेअरवर चालत असे, आणि ते जुने पाठ काही काळाने टाकून देई. त्यामुळे पहिल्या काही महिन्यांतल्या पानांचा इतिहास निखळला. २०१० च्या डिसेंबरात टिम स्टार्लिंग या प्रोग्रामरला जुन्या बॅकअपमध्ये त्यातला बराचसा भाग सापडला, हे नशीब. दरम्यान २००२ साली माग्नुस मान्स्के याने आणि नंतर ली डॅनियल क्रॉकर याने सॉफ्टवेअर नव्याने लिहिले. तेच आजचे मीडियाविकी.

आता आपल्याकडचे उदाहरण घेऊ. समजा, एका तालुक्यातल्या दहा-बारा शिक्षकांनी मोटेच्या शेतीचे शब्द जमवायचे ठरवले: नाडा, सोंदूर, धाव, थारोळे. हे शब्द रोज वापरलेली माणसे आता ऐंशीच्या घरात आहेत. एका गावात शब्द एक, नदीपलीकडे उच्चार वेगळा, तिसऱ्या ठिकाणी अर्थच निराळा. वहीत लिहिले तर शेवटी एकाच्याच अक्षरातला एकच पाठ उरतो. व्हॉट्सॲपवर टाकले तर आठवड्यात शुभेच्छांखाली गाडले जाते. विकीत तिन्ही नोंदी सांगणाऱ्याच्या गावासह राहू शकतात.

त्यांनी कोणते सॉफ्टवेअर घ्यावे? मीडियाविकी मोफत आहे, भक्कम आहे, लाखो पाने पेलते. पण तिच्यामागे मायएसक्यूएलसारखा डेटाबेस लागतो आणि तो सांभाळणारा माणूस लागतो. शिवाय ती मुळात उघड्या दारांच्या घरासाठी बांधली आहे. अमुक पाने फक्त संपादकांनीच वाचावीत, असे बंधन तिच्यात भरवशाने घालता येत नाही.

आंद्रेआस गोर या जर्मन प्रोग्रामरची २००४ पासूनची डोकुविकी निराळ्या स्वभावाची. ती डेटाबेस वापरत नाही. प्रत्येक पान साध्या मजकुराची एक फाईल, आणि जुने पाठ ‘ॲटिक’ नावाच्या कप्प्यात. ॲटिक म्हणजे माळा. आपल्याकडची जुनी दप्तरेही तिथेच सापडतात. कोणी काय वाचावे आणि काय लिहावे, हे पानागणिक ठरवता येते. उद्या डोकुविकीच बंद पडली, तरी फाईली कुठल्याही संगणकावर उघडतील. छोट्या गटाला मी तीच सुचवीन. एकट्याच्या टिपणांसाठी टिडलीविकी पुरते. तिचा सगळा पसारा एका फाईलीत मावतो.

तिसरा मार्ग दुसऱ्याच्या सर्व्हरवर तयार विकी घेण्याचा. तो सोपा आहे, पण घर भाड्याचे. शिक्षकांमध्ये लोकप्रिय असलेली विकिस्पेसेस ही सेवा २०१८ साली गुंडाळायला घेतली गेली, तेव्हा सगळ्यांनाच मुदतीत सामान हलवावे लागले. अशी सेवा घेताना पहिल्याच दिवशी इतिहासासकट सर्व मजकूर उतरवून पाहावा. तो उतरत नसेल तर तिथे लिहू नये.

देवनागरीच्या अडचणी इंग्रजी माहितीपत्रकांत सापडत नाहीत. जुन्या फॉन्टांतला मजकूर आधी युनिकोडमध्ये आणावा लागतो, हे बहुतेकांना ठाऊक असते. ‘कुऱ्हाड’ या शब्दाची गोष्ट कमी जणांना माहीत असते. त्यातला अर्धा र संगणकात दोन रीतींनी साठवता येतो. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण एका रीतीने लिहिलेला शब्द दुसऱ्या रीतीने शोधला तर हाती लागेलच असे नाही. सर्वांनी एकच कळफलक वापरायचा, हे पहिल्या बैठकीतच ठरवावे.

दुसरी अडचण पानांच्या नावांची. मीडियाविकीत नाव २५५ बाइटपर्यंत चालते. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, म्हणजे काना-मात्राही, तीन बाइट घेते. तेव्हा ८५ चिन्हे मावतात आणि तेवढी पुरतात. डोकुविकी मात्र फाईलीचे नाव मूळ मांडणीत टक्क्यांच्या खुणांनी लिहिते. तिथे एका चिन्हाला नऊ जागा जातात आणि पंचविसाच्या आसपास चिन्हांतच नाव संपते. ‘मोटेच्या विहिरीवरील लाकडी अवजारे’ हे शीर्षक अडकते. सेटिंगमध्ये ‘एफएनएनकोड’ नावाचा पर्याय आहे. तो यूटीएफ-८ वर ठेवला की अडचण बरीचशी मिटते. मात्र हे पहिले पान लिहिण्याआधी करावे. नंतर बदलले, तर तयार झालेल्या प्रत्येक फाईलीचे नाव हाताने बदलत बसावे लागते.