मळणीचे दिवस, वावड्याच्या शिंका आणि झोप न आणणारी गोळी

पौष महिन्यातील यमाईची यात्रा आटोपली, की औंध व आसपासच्या खटाव-माण भागातील शेतकऱ्याचे लक्ष रब्बी ज्वारीच्या काढणीकडे लागते. माघ-फाल्गुनात खळ्यांवर कणसांचे ढीग पडतात, मळणीयंत्रे फिरू लागतात आणि भुसकटाची बारीक धूळ हवेत भरून राहते. याच दिवसांत कित्येकांना लागोपाठ शिंका येतात, नाकातून पाण्यासारखा स्राव वाहतो, डोळे लाल होऊन खाजतात. हा त्रास सर्दीचा समजून दुकानातून मिळेल ती गोळी आणली जाते. शिंका थांबतात खऱ्या. परंतु थोड्याच वेळात डोळ्यांवर झापड येऊ लागते, आणि तशाच स्थितीत तो मनुष्य यंत्राच्या तोंडाशी पेंढी सारण्यास उभा राहतो. शिंका येणे त्रासदायक आहे. पण यंत्रापाशी पेंग येणे त्याहून पुष्कळच घातक होय.

त्रास कशामुळे होतो?

या विकारास आपल्याकडे वावडे व वैद्यकीय भाषेत अॅलर्जी म्हणतात. काही माणसांचे शरीर धूळ, परागकण, बुरशीचे सूक्ष्म कण यांसारख्या पदार्थांस शत्रू समजते. असा कण नाकात शिरताच नाकाच्या आतील त्वचेतील विशिष्ट पेशी हिस्टामीन नावाचे द्रव्य बाहेर टाकतात. हे द्रव्य जवळच्या मज्जातंतूंवर व रक्तवाहिन्यांवर ठराविक जागी जाऊन बसते. त्यामुळे खाज सुटते, शिंका येतात व नाक वाहू लागते. त्वचेत हेच घडले, म्हणजे अंगावर पित्त उठले असे आपण म्हणतो.

सर्दी व वावडे यांतील भेद ओळखणे कठीण नाही. सर्दीत अंग मोडून येते, कधी तापही येतो आणि आठवड्याभरात ती बहुधा बरी होते. वावड्यात ताप नसतो, डोळे व नाक खाजतात, आणि खळे किंवा धुळीची जागा सोडली की आराम पडतो.

औषध कसे काम करते?

हिस्टामीनविरोधी औषध शरीरातील हिस्टामीन नष्ट करीत नाही. हिस्टामीन ज्या जागी बसते ती जागाच ते आधी अडवून धरते. गव्हाणीपाशी एक जनावर उभे असले, की दुसऱ्यास तेथे तोंड घालता येत नाही, तसाच हा प्रकार आहे. म्हणून त्रास बळावल्यावर घेण्यापेक्षा धुळीत जाण्यापूर्वी घेतलेली गोळी अधिक उपयोगी पडते.

या औषधांचा पाया दानिएल बोवे या शास्त्रज्ञाने पॅरिस येथे १९३७ साली घातला. त्यांना १९५७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यानंतर प्रचारात आलेली क्लोरफेनिरामीन, डायफेनहायड्रामीन, प्रोमेथाझीन ही औषधे गुणकारी असली, तरी त्यांच्यात एक मोठा दोष आहे. ती रक्तातून मेंदूत सहज शिरतात. मेंदूतील हिस्टामीनचे कार्य मनुष्यास जागे व सावध ठेवण्याचे आहे. औषधाने तेथील जागाही अडविल्या, की सुस्ती येते.

पुढे शास्त्रज्ञांनी मेंदूत फारसे न शिरणारी औषधे तयार केली. त्यांपैकी टर्फेनाडीन हे औषध अमेरिकेत १९८५ पासून विकले जाऊ लागले. परंतु इतर काही औषधांबरोबर घेतल्यास ते हृदयाच्या ठोक्यांत धोकादायक बिघाड करते असे दिसून आल्याने १९९८ मध्ये तेथील बाजारातून काढून घेण्यात आले. टर्फेनाडीनचे शरीरात रूपांतर होऊन जो गुणकारी अंश तयार होतो तोच वेगळा काढून फेक्सोफेनाडीन हे औषध बनविण्यात आले व १९९६ मध्ये त्यास अमेरिकेत मान्यता मिळाली. त्यात हृदयाचा तो दोष नाही. मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या भिंतीत औषध परत बाहेर ढकलणारी यंत्रणा असते. ती फेक्सोफेनाडीनला आत टिकू देत नाही. लोराटाडीन हे औषधही नेहमीच्या मात्रेत सहसा झोप आणीत नाही. सेटिरिझीन पुष्कळ वापरात आहे व जुन्या औषधांहून सौम्य आहे. तथापि काही माणसांना त्याने झोप येते, हे ध्यानात ठेवावे.

यंत्रापाशी सावधगिरी

औंध संस्थानाच्या भूमीस शेतीच्या यंत्रांची ओळख जुनी आहे. श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी दिलेल्या कुंडलजवळच्या माळरानावर लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९१० मध्ये कारखाना उभारला आणि तेथून लोखंडी नांगर व कडबा कापण्याची यंत्रे गावोगाव गेली. यंत्राने श्रम वाचतात; पण ते चालविणाराचे लक्ष क्षणभर ढळले, तर हात गमावण्याची पाळी येते. मळणीयंत्रांवरील अशा अपघातांमुळेच १९८३ साली केंद्र सरकारला धोकादायक यंत्रांविषयी स्वतंत्र कायदा करावा लागला.

झोप आली तर ती कळेलच, असा भरवसा धरू नये. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात ४० वाहनचालकांवर झालेल्या व २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, डायफेनहायड्रामीन घेतलेल्यांचे वाहन चालविणे मद्य घेतलेल्यांहूनही वाईट ठरले. फेक्सोफेनाडीन घेतलेल्यांचे मात्र औषध न घेतल्याप्रमाणेच चांगले राहिले. विशेष म्हणजे, आपणास किती झोप येत आहे याविषयी चालकांनी स्वतः केलेला अंदाज विश्वसनीय ठरला नाही. मळणीयंत्र, कडबा कुट्टी, ट्रॅक्टर किंवा विहिरीवरील काम करणाराने यावरून बोध घ्यावा. सर्दीच्या कित्येक मिश्र गोळ्यांत क्लोरफेनिरामीन असते. म्हणून वेष्टनावरील नाव वाचल्याशिवाय किंवा वाचून घेतल्याशिवाय गोळी घेऊ नये.

औषध घेण्याची रीत

फेक्सोफेनाडीनची मोठ्या माणसाची मात्रा नाकाच्या त्रासासाठी सामान्यतः दिवसातून एकदा १२० मिलिग्रॅम व अंगावर पित्त उठत असल्यास १८० मिलिग्रॅम असते. गोळी पाण्याबरोबर घ्यावी. संत्री, मोसंबी किंवा सफरचंद यांच्या रसाबरोबर घेतल्यास ती कमी प्रमाणात शोषली जाते. आम्लपित्तावरील अॅल्युमिनियम व मॅग्नेशियमयुक्त औषध घ्यावयाचे असल्यास दोहोंत सुमारे दोन तासांचे अंतर ठेवावे. लहान मुले, गर्भवती व अंगावर पाजणाऱ्या माता आणि मूत्रपिंडाचे रुग्ण यांनी डॉक्टरांच्या सल्ल्यानेच औषध घ्यावे. कोणतीही नवी गोळी प्रथम घेताना त्या दिवशी यंत्रावर काम न करणे इष्ट. गोळीबरोबर मद्य तर कटाक्षाने टाळावे.

गोळीच्या मर्यादा

या गोळीने शिंका, खाज व नाक वाहणे कमी होते. चोंदलेले नाक मात्र तितकेसे मोकळे होत नाही. त्यासाठी डॉक्टर नाकात मारावयाचा फवारा देतात. दम्यावर ही गोळी उपाय नव्हे. ओठ, जीभ वा घसा सुजणे, श्वास कोंडणे, भोवळ येणे ही लक्षणे दिसताच रुग्णास विनाविलंब दवाखान्यात न्यावे. तेथे अॅड्रेनालिनचे इंजेक्शनच प्राण वाचविते.

पुणे येथे १९५५ च्या सुमारास प्रथम नोंदले गेलेले गाजरगवत आज बांधांवर व रस्त्यांच्या कडेस सर्वत्र माजले आहे. त्याचे परागकण शिंका आणतात; पण त्याच्या स्पर्शाने होणारा त्वचारोग वेगळ्या प्रकारचा असून केवळ या गोळ्यांनी तो बरा होत नाही. त्यावर त्वचारोगतज्ज्ञाचे उपचार घ्यावेत.

मूळ उपाय

औषधापेक्षा धूळ टाळणे श्रेयस्कर होय. मळणी करताना नाकातोंडावर मुखपट्टी अगर निदान दुपदरी ओले फडके बांधावे. मात्र त्याचे शेव, उपरण्याची टोके किंवा लुगड्याचा पदर यंत्राजवळ लोंबता ठेवू नये. वाऱ्याकडे पाठ येईल अशा रीतीने यंत्र मांडावे. काम संपताच हातपाय व तोंड धुऊन कपडे बदलावेत. गाजरगवत फुलावर येण्यापूर्वीच, हातमोजे घालून व अंगभर कपडे करून मुळासकट उपटावे. ज्यास वावड्याचा त्रास अधिक आहे, त्याने यंत्राचे तोंड घरातील दुसऱ्या निरोगी माणसाकडे सोपवून कणसे वाहण्याचे काम पत्करावे. शिंकेवर औषध मिळते, पण गेलेला हात परत येत नाही, एवढे प्रत्येक शेतकरी बंधूने व भगिनीने मळणीच्या दिवसांत ध्यानी ठेवावे.