अंगणांतील फुलें आणि त्यांचीं छायाचित्रें



पावसाळ्याच्या दिवसांत चंद्रपूर शहरांतील एखाद्या घरीं रात्रीं नऊच्या सुमारास शेजारपाजारचीं माणसें जमलेलीं दिसलीं, तर तेथें सत्यनारायणच असला पाहिजे असें समजूं नये. पुष्कळदां कारण एवढेंच असतें कीं, त्या घरच्या कुंडींत ब्रह्मकमळ उमलावयाचें असतें. घरची बाई कळीपुढें निरांजन लावते, मुलें झोप आवरून बसतात, आणि जो तो आपला मोबाईल सरसावून फुलाचें छायाचित्र घेण्याच्या खटपटींत असतो. सकाळीं पाहावें, तों फुलानें मान टाकलेली! एका रात्रीचें हें वैभव जपून ठेवावेंसें वाटणें स्वाभाविक आहे. पण दुसऱ्या दिवशीं तीं छायाचित्रें पाहिलीं म्हणजे बहुतेकांचा हिरमोड होतो. फुलाच्या जागीं नुसता एक पांढरा डाग दिसतो. पाकळी नाहीं कीं पराग नाहीं. असें कां होतें, हें आज पाहावयाचें आहे.

प्रथम फुलाविषयीं दोन शब्द. ज्याला आपण ब्रह्मकमळ म्हणतों तें कमळ नव्हे, आणि हिमालयाच्या उंच कड्यांवर उगवणारें ब्रह्मकमळही नव्हे. तें निवडुंगाच्या कुळांतील झाड असून त्याचें मूळ घर मेक्सिको व मध्य अमेरिका हें आहे. त्याचें जें पान म्हणून आपण दाखवितों, तें वस्तुतः चपटें झालेलें खोड होय. म्हणूनच त्याच्या कडेच्या खाचेंतून कळी निघूं शकते. तो तुकडा मातींत खोवला कीं रोप लागतें, आणि अशा रीतीनें तें या घरून त्या घरीं जात राहतें. रात्रीं उमलणाऱ्या या फुलाचा ग्राहक म्हणजे रात्रीं उडणारे पतंग. शुभ्र रंग आणि दूरवर जाणारा सुवास हीं त्यांच्यासाठींच. आपण त्या मेजवानीचे आगंतुक पाहुणे आहोंत.

आतां त्या पांढऱ्या डागाकडे वळूं. कॅमेऱ्याला पांढरें काय आणि काळें काय हें कळत नाहीं. समोरच्या सर्व दृश्याचा प्रकाश तो सरासरीनें मोजतो, आणि ती सरासरी मध्यम करड्या रंगाइतकी यावी अशी योजना करतो. अंधाऱ्या अंगणांत एवढेंसें फूल असलें, कीं त्या सगळ्या अंधाराला उजळण्याच्या नादांत तो फूल जाळून टाकतो. उलट, दिवसा मोगऱ्याच्या ओंजळभर फुलांनीं चौकट भरली, तर तोच कॅमेरा त्यांना मळकट करून दाखवितो. दोष कोणाचाच नाहीं. यंत्र आपल्या नियमानें चालतें, आपण त्याला शहाणें समजतों इतकेंच. यावर उपाय सोपा आहे. मोबाईलच्या पडद्यावर फुलावरच बोट ठेवावें आणि उजेड कमी करावा. यंत्राचा समोरून पडणारा झगझगीत झोत बंद ठेवावा, कारण त्यानें सावली नाहींशी होते, आणि सावलीवांचून पाकळीचा उंचसखलपणा दिसत नाहीं. त्याऐवजीं एका बाजूनें विजेरी धरावी व तिच्यावर पातळ पांढरें फडकें टाकावें. मोबाईल स्टुलावर टेकवावा. एवढें केलें तरी पुष्कळ झालें.

लाल जास्वंदीचा प्रश्न निराळा. जुन्या काळीं ज्या कांचा छायाचित्रासाठीं वापरीत, त्यांना तांबडा प्रकाश जवळजवळ दिसतच नसे. त्यामुळें जास्वंद काळी ठिक्कर उमटे. पुढें सर्व रंग जाणणाऱ्या कांचा आल्या, आणि १९०७ सालीं फ्रान्समध्यें ल्यूमिएर बंधूंनीं बटाट्याच्या पिठाचे रंगविलेले कण कांचेवर पसरून रंगीत छायाचित्रांची पद्धत बाजारांत आणली. आजच्या यंत्रालाही भडक लाल रंग जड जातो. म्हणून जास्वंद उन्हांत न टिपतां सावलींत टिपावी.

परंतु घरच्या कुंडींतील झाडाचें चित्र घेण्याची आपल्याकडील सर्वांत मोलाची गोष्ट दादासाहेब फाळके यांची आहे. १९१२ सालीं ते विलायतेहून परतले. चित्रपट काढावयाचा, तर भांडवल हवें. आणि चित्र हलतें कसें हें ज्यांनीं प्रत्यक्ष पाहिलें नाहीं, ते पैसे देणार कसे? नोकरी नाहीं, संसार मोठा, आणि आदल्याच काळांत अतिश्रमानें डोळ्यांनीं दगा दिलेला. अशा स्थितींत त्यांनीं एका कुंडींत वाटाणे पेरले, समोर कॅमेरा पक्का बसविला, आणि महिन्याहून अधिक काळ त्या कोंबाचीं ठराविक अंतरानें चित्रें घेतलीं. तीं सलग दाखविल्यावर बीं रुजून, वर येऊन, शेंगांनीं लवलेला वेल मिनिटभरांत डोळ्यांपुढें उभा राहिला. 'अंकुराची वाढ' हें त्या चित्राचें नांव. तें पाहून कर्ज मिळालें, आणि १९१३ सालीं 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला. या यशाचें श्रेय कॅमेऱ्याइतकेंच चिकाटीला आहे, हें सांगावयास नको. कुंडी एकदां जागची हलली असती तर सारा महिना वायां गेला असता.

हीच रीत आपल्याला घरीं सहज साधते. आमच्याकडे, विशेषतः गडचिरोलीच्या बाजूला, घरामागच्या सांदवाडीच्या कुंपणावर पावसाळ्यांत कळलावीचा वेल चढतो. पानाचें टोंक तारेसारखें वळून आधार धरतें. फूल प्रथम हिरवट पिवळें, मग कडेनें पिवळें नि टोंकाला तांबूस, आणि शेवटीं ज्वाळेसारखें लालभडक होतें. एकच फूल रोज एकाच वेळीं, एकाच जागेवरून टिपलें, म्हणजे हा रंगपालट कागदावर उतरतो. एक सूचना मात्र देऊन ठेवतों. या वेलाचा कंद अत्यंत विषारी आहे. मुलांना त्यापासून दूर ठेवावें. औषधासाठीं तो खणून नेल्यामुळें पुष्कळ ठिकाणीं हा वेल दुर्मिळही झाला आहे. रानांतून कंद उपटून कुंडींत आणण्यापेक्षां जेथें आहे तेथेंच त्याचें चित्र घ्यावें.

उन्हाळ्यांत वेळ सांभाळावी लागते. येथें वैशाखांत पारा ४५ अंशांच्या वर जातो. आठ वाजतांच अंगण इतकें तळपूं लागतें कीं पाकळीवर उजेड आणि अंधार यांवांचून कांहीं उरत नाहीं. मोगरा सूर्य उगवतांना, आणि गुलबक्षी ऊन कलल्यावर ती उमलूं लागते तेव्हां टिपावी. त्याच पहांटे जंगलकांठच्या गांवांत बायामुलें मोहाचीं फुलें वेंचीत असतात. तें त्यांचें वर्षाचें उत्पन्न आहे. तेथें चित्र घ्यावयाचें तर आधीं विचारावें, आणि पडलेल्या फुलांवर पाय देऊं नये.

चित्राबरोबर तारीख लिहावी. माझ्या कळलावीचीं सात दिवसांचीं सात चित्रें आहेत. त्यांतील पांचवें हललेलें आहे. त्या दिवशीं सकाळपासून पाऊस होता.