माळ्यावरची हत्यारे

वडील गिरणीत फिटर होते, थोरला रेल्वेत, धाकटा वायरमन. अशा घरांत माळ्यावरची पेटी उघडली की तीन पकडी, चार हातोड्या आणि एकाच मापाचे कितीतरी पाने निघतात. बहुतेकजण ते किलोवर भंगारात घालतात. आम्हाला हे पटत नाही. वस्तीतला आयटीआय झालेला मुलगा, हल्ली मुलगीही, पहिल्या कामाला हत्यारे उसनी मागत फिरते. स्वतःची पेटी नसली की कारागीर असूनही हेल्परचीच मजुरी हातावर पडते.

एका मापाचे दोन पाने मात्र ठेवाच. एकाने बोल्ट धरायचा, दुसऱ्याने नट फिरवायचा. बाकीचे द्या, आणि उसने नव्हे, कायमचे द्या. त्याआधी गंज डिझेलात भिजवून तारेच्या ब्रशने काढा, तेलाचा हात फिरवा. छिन्नीचे डोके ठोकून ठोकून पसरले असेल तर ग्राइंडरवर घासून घ्या. त्याची कपची उडून डोळा जातो. हातोडीचा चिरलेला दांडा बदला. पकडीचे रबर फाटले असेल तर ती वायरमनच्या हाती देऊच नका.

झिजलेली कानस तेवढी खुशाल भंगारात जाऊ द्या. तिची छिन्नी करायला जाऊ नका. ठिसूळ असते, घाव बसताच तुटते.