एकाच आडनावाचे मानकरी : वीरचंद आणि मोहनदास गांधी

सुगंधी द्रव्ये, औषधी मुळ्या आणि किराणा यांचा व्यापार करणारा तो गांधी. व्यवसायावरून पडलेले हे आडनाव जैनांत आढळते, वैष्णवांत आढळते आणि पारशांतही आढळते. फिरोज गांधी पारशी होते. इंदिराजींना हे आडनाव विवाहाने लाभले. सोलापूर-अकलूज परिसरातील नाथारंगजी गांधी यांच्या नावाच्या ग्रंथमालेतून दिगंबर जैन शास्त्रग्रंथ प्रकाशात आले. सारांश, केवळ आडनावावरून कोणाचे कुळ वा धर्म ठरविता येत नाही.

या आडनावाच्या दोन पुरुषांची भेट मात्र विशेष स्मरणीय आहे. वीरचंद राघवजी गांधी यांचा जन्म २५ ऑगस्ट १८६४ रोजी सौराष्ट्रातील महुवा येथे झाला. मोहनदास करमचंद गांधी यांचा २ ऑक्टोबर १८६९ रोजी पोरबंदर येथे. पहिले श्वेतांबर जैन, दुसरे मोढ वणिक वैष्णव. विलायतेहून बॅरिस्टर होऊन आलेले मोहनदास वकिलीसाठी मुंबईत राहिले, तेव्हा वीरचंद सॉलिसिटरच्या परीक्षेची तयारी करीत होते. दोघांनी मिळून आहाराचे प्रयोग केले आणि न्यायालयातील नामवंत वकिलांच्या कथा वीरचंदांनी या नवख्या मित्रास ऐकविल्या. गांधीजींनी आपल्या आत्मकथेत याची आवर्जून नोंद केली आहे.

१८९३ साली दोघांनीही समुद्र ओलांडला. मोहनदास एका खटल्याच्या निमित्ताने दक्षिण आफ्रिकेत गेले. शिकागोच्या सर्वधर्म परिषदेचे निमंत्रण आचार्य विजयानंदसूरी तथा आत्मारामजी महाराज यांना होते. परंतु साधुधर्माच्या मर्यादेमुळे परदेशगमन शक्य नव्हते. म्हणून त्यांनी वीरचंदांना सिद्ध करून पाठविले. त्या काळी समुद्रप्रवास म्हणजे समाजाचा रोष ओढवून घेणे होते. तो पत्करून या तरुण श्रावकाने जैन तत्त्वज्ञान पाश्चात्त्यांपुढे मांडले. एवढेच नव्हे, तर परिषदेत हिंदू समाजावर टीका झाली तेव्हा तिलाही त्यांनी सडेतोड उत्तर दिले. पुढे भारतात दुष्काळ पडला असता अमेरिकेतून धान्याचे जहाज पाठविण्याची खटपट त्यांनी केली. त्यापूर्वी पालिताण्याच्या यात्रेकरूंवरील कराचा आणि सम्मेदशिखराच्या पावित्र्याचा प्रश्नही त्यांनी हिरिरीने लढविला होता.

७ ऑगस्ट १९०१ रोजी मुंबईत वीरचंदांचे निधन झाले. वयाची सदतीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती. मोहनदासांना पुढे जवळजवळ सत्तेचाळीस वर्षांचे आयुष्य लाभले आणि त्यांच्यामुळे हे आडनाव जगाच्या ओठी आले. त्या तेजात दुसरे नाव झाकले गेले, हे स्वाभाविक होते.

आज काही जण अभिमानाच्या भरात महात्मा गांधींनाच जैन ठरवितात. त्याची गरज नाही. विलायतेस जाण्यापूर्वी त्यांना मद्य, मांस आणि परस्त्री यांच्या त्यागाची प्रतिज्ञा देणारे बेचरजी स्वामी जैन साधू होते. श्रीमद् राजचंद्रांचा त्यांच्यावरील प्रभाव तर त्यांनीच मुक्तकंठाने मान्य केला. हे ऋण सत्य आहे आणि सत्य तेवढेच सांगावे. उसना मान मिळविण्यापेक्षा जो गांधी आपल्या धर्मासाठी सातासमुद्रापार गेला, त्याचे चरित्र पाठशाळेतील मुलांना सांगणे हे आपले अधिक निकडीचे कर्तव्य आहे.