ओएमजी म्हणजे ‘अवं माय!’च की
अड्याळच्या बसस्टँडवर उभे राहा आणि नुसते कान द्या. ‘ब्रो’, ‘क्रिंज’, ‘ओएमजी’! शेजारच्या आजीला वाटतं, पोरं शिव्याच देतायत. तुम्ही मात्र ‘जे१ झालं का?’ टाइप करून मोकळे. खरं सांगा, हे ‘जे१’ पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसू आलंच ना? आणि वाढदिवसाला जिगरी दोस्ताचं नुसतं ‘एचबीडी’ आलं, तेव्हा डोकंही सटकलं ना?

गंमत म्हणजे ‘ओएमजी’ आपल्या पिढीचं नाहीच. १९१७ मध्ये ७६ वर्षांचे ब्रिटिश अ‍ॅडमिरल लॉर्ड फिशर यांनी चर्चिल यांना लिहिलेल्या पत्रात ते सापडतं. ऑक्सफर्डच्या कोशात ते ‘एलओएल’सोबत पोहोचलं २०११ मध्ये. म्हणजे तिकडच्या आजोबांचं ‘ओएमजी’ कूल आणि आपल्या आजीचं ‘अवं माय!’ गावठी?

खरी गोची इथंच आहे. आपल्या झाडीबोलीत ‘ण’चा ‘न’ होतो, ‘पाणी’चं ‘पानी’. नागपूरच्या कॉलेजात त्यावर कोणी हसलं, की आपण बोलणंच कमी करतो. ‘ब्रो’ म्हणताना मात्र जीभ अडखळत नाही.

शॉर्टफॉर्म वापरा, बिनधास्त वापरा. पण दोस्ताचा वाढदिवस तीन अक्षरांत उरकू नका आणि कोणाच्या ‘पानी’वर हसू नका. पुढच्या वेळी ग्रुपवर ‘ओएमजी’ऐवजी ‘अवं माय!’ टाकून बघा. कोणी ‘काऊन बे?’ विचारलंच, तर सांगा, आमच्या आजीचं आहे!